छोट्या कुत्र्याला ग्रूमिंग टेबलावर सुरक्षित कसं धरायचं

ऑनलाइन मागवलेलं घडीचं ग्रूमिंग टेबल घरी येतं. सोबत एक वाकलेला दांडा असतो आणि त्याला लटकणारा नायलॉनचा लूप. मग बहुतेक घरांत काय होतं? कुत्रा उचलून वर ठेवतात, लूप गळ्यात अडकवतात आणि मग कंगवा कुठे ठेवलाय ते शोधायला आत जातात. हा क्रम शेवटापासून सुरू झालेला आहे, आणि त्यातली तिसरी गोष्ट तर कधीच करायची नसते.

मुळात एक गैरसमज काढून टाका. लूप कुत्र्याला धरत नाही. कुत्र्याला धरतो तो तुमचा हात. डोकं साधारण एका जागी राहावं आणि तुमचा हात क्षणभर कामात गुंतला तर कुत्र्याने लगेच कडेकडे धाव घेऊ नये, एवढ्यासाठीच लूप असतो. कुत्रा टेबलावरून खाली गेला तर लूप त्याला वाचवत नाही, त्याचा फास होतो. चार किलोच्या पॉमला गुदमरायला फार वेळ लागत नाही.

खाली दिलेली रीत साधारण २ ते १० किलोच्या कुत्र्यांसाठी आहे: पॉमेरेनियन, शित्झू, ल्हासा, पग, चिवावा, टॉय पूडल, डॅक्सहुंड आणि लहान चणीचे गावठी कुत्रेसुद्धा. (आपल्याकडे ज्यांना सर्रास पॉम म्हणतात ते बरेचदा इंडियन स्पिट्झ असतात. वजन थोडं जास्त भरतं, धरायची पद्धत तीच.)

## टप्पा १: टेबल उघडण्याआधी कुत्रा तपासा

सगळ्या छोट्या कुत्र्यांना एकाच पद्धतीने धरता येत नाही. तुमचा कुत्रा यातल्या कुठल्या गटात बसतो ते आधी ठरवा, कारण पुढचे निर्णय त्यावर आहेत.

पॉम, यॉर्की (यॉर्कशायर टेरियर), चिवावा, टॉय पूडल या जातींत श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडून ती आत चपटी होण्याचा त्रास बराच दिसतो. कुत्रा उत्तेजित झाला किंवा पट्टा ओढला गेला की बदक ओरडल्यासारखा कोरडा, कर्कश खोकला येतो. असा खोकला एकदा जरी ऐकला असेल तर गळ्यात लूप घालायचा नाही. 'सैल ठेवतो की' हे उत्तर चालत नाही. घाबरलेला कुत्रा स्वतःच ओढून तो घट्ट करतो.

पग, शित्झू, पेकिनीज यांचं नाक चपटं आणि डोळ्यांच्या खोबण्या उथळ. मानेवर जोर आला किंवा मानेची कातडी मागे खेचली गेली तर यांचा डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. ही भीती घालण्यासाठी सांगितलेली गोष्ट नाही, व्हेटकडे अशा केसेस खरोखर येतात. शिवाय यांना श्वास घ्यायला आधीच कष्ट पडतात, त्यामुळे तोंड बंद करून धरणं यांच्या बाबतीत पूर्ण वर्ज्य.

डॅक्सहुंडची पाठ लांब, आणि मणक्यांमधल्या चकत्या सरकण्याचा धोका मोठा. त्याला मागच्या दोन पायांवर उभं करून पोटाचे केस कापणं म्हणजे दुखणं मागून घेणं.

गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास तर बहुतेक सगळ्याच छोट्या जातींत आढळतो. चालताना मधेच दोन-तीन पावलं एक मागचा पाय उचलून उड्या मारतो आणि पुन्हा नीट चालायला लागतो, असं दिसत असेल तर तो पाय धरताना जास्त जपा.

हृदयाचा आजार, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गाभण कुत्री, खूप म्हातारा कुत्रा: यांच्या बाबतीत आधी व्हेटला विचारा, मग टेबल उघडा.

तपासा: कुत्रा निवांत असताना वरचा ओठ उचलून हिरडीचा आणि जिभेचा रंग पाहून ठेवा. हिरडीवर बोट दाबून सोडलं की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. मग जिभेवर लक्ष ठेवायचं. नेहमीचा रंग माहीत असेल तरच बदललेला रंग वेळेत कळतो.

## टप्पा २: जागा, टेबल आणि हाताशी लागणाऱ्या वस्तू

टेबल पूर्ण उघडा, पायांची कुलपं लागली आहेत ना पाहा आणि एका कोपऱ्यावर हात ठेवून जोरात हलवा. टेबल डुगडुगलं तर पायाखाली पुठ्ठा सारून भागवू नका, जागा बदला. टेबलाची एक लांब बाजू भिंतीला लावली की कुत्रा पडू शकेल अशी एक बाजू कमी होते. घरच्या घरी करणाऱ्यांनी हे जरूर करावं. उंची अशी हवी की उभं राहून काम करताना तुमच्या कोपराला काटकोन राहील. वाकून काम केलं की पाठ दुखते, पाठ दुखली की घाई होते.

टेबलाचा पृष्ठभाग रबरी असला तरी ओल्या पायांनी घसरतो. त्यावर रबरी मॅट किंवा योगा मॅटचा कापलेला तुकडा पूर्ण आकाराचा टाका. टॉवेल नको, तो पायाखाली गोळा होतो. पाय घसरणारा कुत्रा एका जागी उभा राहूच शकत नाही, आणि 'हा फार वळवळतो' अशी तक्रार असलेल्या अनेक कुत्र्यांची खरी अडचण मॅट हीच असते. खाली जमिनीवर गादी किंवा दुहेरी घडीची सतरंजी अंथरा.

वॉशिंग मशिनचं झाकण, ग्रॅनाइटचा ओटा आणि काचेचं डायनिंग टेबल या तिन्ही जागा बाद. टेबल नसेल तर सरळ जमिनीवर सतरंजी टाकून, कुत्र्याला मांडीसमोर घेऊन करा. जमिनीवरून कोणी पडत नाही.

आता घरातला गोंधळ. दार बंद. फोन सायलेंटवर. गॅसवर कुकर ठेवलेला नको, कारण शिट्टी झाली की कुत्रा दचकतो आणि तुमचा एक पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतो. दारावरची बेल वाजली तर कोण उघडणार हे आधीच ठरवा. एकटेच असाल तर बेल वाजू द्या. टेबलावरच्या कुत्र्याला सोडून जाण्याचं कारण बहुतेक वेळा इतकंच क्षुल्लक असतं.

हे सगळं तुमच्या काम करणाऱ्या हाताच्या बाजूला, टेबलाबाहेर, एका स्टुलावर मांडा:

- स्लिकर ब्रश (बारीक, वाकलेल्या तारांचा ब्रश) आणि बारीक-जाड दात असलेली स्टीलची फणी
- नखांचा कटर, आणि रक्त थांबवायची पावडर किंवा वाटीत कॉर्नफ्लोअर
- बोथट टोकाची कात्री
- एक मोठा आणि एक लहान कोरडा टॉवेल
- खाऊ: उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे अगदी बारीक तुकडे

कात्री टेबलावर, कुत्र्याच्या पायाशी ठेवायची नाही. कधीच.

कुत्र्याची तयारी: जेवण होऊन दोनेक तास झालेले असावेत, फिरून आणि शी-शू करून आलेला असावा. गळ्यातला पट्टा, घुंगरू, बिल्ला, स्वेटर काढा. लूपमध्ये हेच अडकतं. एप्रिल-मे महिन्यात काम सकाळीच उरका. विदर्भ-मराठवाड्यात तर दुपारी बारा ते चार टेबल उघडूच नका. दिवाळीतल्या फटाक्यांच्या संध्याकाळी किंवा गल्लीत ढोल-ताशा सुरू असताना केस विंचरायचा हट्टही नको.

## टप्पा ३: टेबलाची ओळख (हा टप्पा वगळला तर पुढचे सगळे अवघड)

पहिल्या दिवशी टेबलाचे पाय उघडायचेच नाहीत. फळी जमिनीवर ठेवा, मॅट टाका, खाऊ द्या, कुत्र्याला स्वतःहून त्यावर येऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टेबल उंच करा, कुत्रा वर ठेवा, चाटायच्या रबरी मॅटवर थोडं साधं दही फासून त्याला द्या. त्याचं चाटणं संपण्याआधी खाली उतरवा. दोन-तीन मिनिटं पुरे. पीनट बटर देणार असाल तर डबा उलटा करून घटक वाचा. झायलिटॉल हा साखरेचा पर्याय असेल तर ते कुत्र्यासाठी विष आहे.

मग पंजे हातात घेणं, कान उचलणं, हनुवटी तळहातावर टेकवून घेणं. त्यानंतर ब्रश नुसता अंगावर ठेवणं. ट्रिमर वापरणार असाल तर आधी तो दूर दुसऱ्या खोलीत चालू करून आवाज ओळखीचा करा. लूप सगळ्यात शेवटी येतो, आणि तोही आधी रिकामा, दांड्याला न जोडता, नुसता अंगावर.

पपी घरी आलं की आठ-दहा दिवसांत हे सुरू करा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला बाहेर नेता येत नाही, पण घरच्या टेबलावर नक्की नेता येतं. मोठ्या, आधीच धसका घेतलेल्या कुत्र्याला आठवडे लागतील. लागू देत.

## टप्पा ४: उचलून वर ठेवणं

कुत्र्याच्या बाजूला गुडघे वाकवून बसा. एक हात पुढच्या दोन पायांच्या मधून किंवा मागून छातीखाली, दुसरा हात ढुंगणाखाली. त्याची कूस तुमच्या पोटाला टेकवून उठा. टेबलावर ठेवताना चारही पाय मॅटला लागल्याची खात्री होईपर्यंत भार सोडू नका. भार सोडल्यावरही एक हात अंगावरच राहतो.

नेहमीच्या चुका: लहान मुलाला उचलतात तसं काखेत धरून उचलणं (खांद्यांवर ताण, मागचं अंग लोंबकळतं), मानेची कातडी पकडून उचलणं आणि 'उडी मार बाळा' म्हणत त्याला स्वतः चढायला लावणं. वर उडी मारायला शिकलेला कुत्रा खाली उडी मारायलाही शिकतो.

तपासा: या क्षणी एक हात कुत्र्यावर आहे का? इथून पुढे उतरवेपर्यंत या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक क्षणी 'हो' असलं पाहिजे. वस्तू खाली पडली तर ती उचलायला वाकायचं नाही. दुसरी घ्या किंवा कुत्रा कडेवर घेऊन मग वाका.

## टप्पा ५: लूप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

लूप कसा असावा. दोनेक सेंटीमीटर रुंद, मऊ पट्टीचा. घट्टपणा ठरवणारी सरकपट्टी जागच्या जागी अडकून राहणारी हवी. ओढल्यावर आणखी आवळत जाणारा लूप फेकून द्या. दांड्याला जोडणारा हूक एका हाताने, एका झटक्यात उघडणारा हवा. ताण असताना तो उघडतो का, हे कुत्रा वर येण्याआधी स्वतःचं मनगट लूपमध्ये घालून, ओढून पाहा. बऱ्याच स्वस्त टेबलांबरोबर आलेला हूक या परीक्षेत नापास होतो. चांगला हूक वेगळा विकत मिळतो आणि तो खर्च टेबलापेक्षा महत्त्वाचा आहे.

कुठे घालायचा. तीन पर्याय आहेत.

१. छातीचा हार्नेस, पाठीवरच्या कडीत हूक. घरी करणाऱ्यांना मी हाच सांगतो. गळ्यावर शून्य दाब. केस विंचरताना पट्ट्यांखालचा भाग राहतो, पण तो हार्नेस काढून, कुत्र्याला मांडीवर घेऊन करता येतो.

२. तिरका लूप: डोकं आणि एक पुढचा पाय लूपमधून बाहेर काढायचा, म्हणजे पट्टी एका खांद्यावरून छातीवर जानव्यासारखी येते. श्वासनलिकेचा त्रास असलेले आणि चपट्या नाकाचे कुत्रे हार्नेस घालू देत नसतील तर हा.

३. गळ्यातला लूप: फक्त निरोगी, टेबलाची सवय झालेल्या, लांब नाकाच्या कुत्र्याला. कानांच्या लगेच मागे आणि जबड्याच्या लगेच खाली, म्हणजे शक्य तितका वर. तो घसरून मानेच्या मध्यावर आला की श्वासनलिकेवर येतो, आणि सैल लूप नेमका तिथेच घसरतो.

पट्टी आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत, तीन जाऊ नयेत.

लांबी किती. याबद्दल कोणी सांगत नाही आणि सगळे अंदाजाने करतात. कुत्रा नैसर्गिकपणे उभा असताना लूप किंचित सैल हवा. मान वर ताणलेली, पुढचे पंजे हलके झालेले दिसले तर तो आखूड आहे. समाजमाध्यमांवरच्या 'आज्ञाधारक' कुत्र्यांच्या अनेक व्हिडिओंत नेमकं हेच दिसतं आणि ते अर्धवट टांगलेले कुत्रे असतात. आता उलट बाजू. कुत्रा वर आणण्याआधी लूप हातात धरून टेबलाच्या प्रत्येक कडेकडे ओढून पाहा. तो कडेच्या पलीकडे जात असेल तर कुत्राही जाईल, आणि लटकेल. दांडा टेबलाच्या मध्याकडे वळवा किंवा लांबी कमी करा.

लांबी कमी केली की कुत्र्याला बसता येत नाही. मग त्याला बसायचं असेल तेव्हा हूक काढा, हात अंगाभोवती ठेवा आणि बसू द्या. लूप ताणलेला असताना कुत्रा खाली बसू पाहतोय आणि आपण 'उभा राहा, उभा राहा' म्हणत कान साफ करतोय, हे चालणार नाही.

पोटाखालचा पट्टा. कुत्रा बसू नये म्हणून मागच्या पायांच्या पुढ्यात, पोटाखालून जाणारा दुसरा पट्टा मिळतो. पहिले काही महिने तो डब्यातच ठेवा. वापरलाच तर तो आधार म्हणून, उचलून धरायला नाही, नर असेल तर पट्टी लिंगावर येत नाही ना पाहा, डॅक्सहुंडला नको. पुढचा लूप किंवा हार्नेस आधी, पोटाचा नंतर. काढताना पोटाचा आधी, पुढचा शेवटी. नुसता पोटाचा पट्टा बांधलेला कुत्रा पुढे झेपावला की उलटा लटकतो.

तपासा: लूप घातल्यावर अर्धा मिनिट काहीच करू नका. हात छातीवर ठेवून श्वास ऐका. घरघर, खाकरणं, खोकला आला की हूक काढा आणि हार्नेसवर या.

## टप्पा ६: हातांनी धरणं, कामाप्रमाणे

मूळ पकड एकच. काम न करणारा हात छातीच्या पुढून पलीकडच्या खांद्यावर, कुत्र्याची कूस तुमच्या पोटाला टेकलेली. दाबायचं नाही, टेकवायचं. कुत्रा हलला की हात त्याच्याबरोबर हलतो आणि त्याला परत जागेवर आणतो. घट्ट धरलं की कुत्रा सुटायला धडपडतो, ही छोट्या कुत्र्यांची ठरलेली प्रतिक्रिया आहे.

कामाचा क्रम मागून पुढे ठेवा: पाठ, मागचे पाय, शेपूट, मग पुढचे पाय, नखं आणि शेवटी चेहरा. चेहऱ्यापासून सुरुवात केली की कुत्रा पहिल्याच मिनिटाला वैतागतो. केसांतल्या गाठी आंघोळीआधी सोडवा. ओल्या झाल्या की त्या आणखी घट्ट होतात. गाठ सोडवताना ती आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटांनी केसांचं मूळ धरा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोहोचत नाही.

पुढचा पाय. चालताना तो जसा दुमडतो तसाच, मागच्या दिशेला दुमडून, थोडासाच उचला. बाजूला फाकवून, आपल्याकडे खेचून धरू नका. कुत्र्याचा खांदा त्या दिशेने जात नाही. आपल्याला नख दिसावं म्हणून कुत्र्याचा पाय वळवायचा नसतो, आपण वाकायचं असतं.

मागचा पाय. सरळ मागे, अंगाच्या रेषेत, कमरेच्या बराच खाली. घोड्याला नाल ठोकताना धरतात तसा. बाजूला फाकवला की गुडघ्याची वाटी सरकू शकते.

नखं. पंजा तळहातात, बोट अंगठा आणि तर्जनीत हलकं धरून. पांढऱ्या नखात गुलाबी भाग दिसतो, त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबा. काळं नख पापुद्र्यासारखे पातळ काप घेत कापा. कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसला की बस. कुत्र्याने पाय ओढला तर तुम्ही उलट ओढू नका. कटर बाजूला न्या, पायाबरोबर हात जाऊ द्या, तो थांबला की सोडा आणि पुन्हा घ्या. सगळी नखं एकाच दिवशी कापलीच पाहिजेत असा नियम नाही. आज दोन पंजे, परवा दोन.

चेहरा. लांब केसांच्या कुत्र्याची हनुवटीखालची दाढी बोटांत हलकी धरा, हात गळ्यावर न येऊ देता. पग असेल तर मागून दोन्ही गालांवर तळहात. कात्रीचं टोक डोळ्याकडे कधीच नाही. डोळ्यांजवळचे केस नाकाच्या रेषेला समांतर, कात्रीची टोकं नाकाकडे ठेवून. जबडा मुठीत आवळून धरणं चूक आहे.

पोट आणि मागचा भाग. इथे दुसरं माणूस हवं. तो पुढचे पाय स्वतःच्या हातावर टेकवून पुढचं अंग अगदी थोडं वर घेईल, तेही काही सेकंद. शेपूट मुळाशी धरून बाजूला करा, वर ओढू नका.

मदतीला लहान मुलांना घेऊ नका, हौस असली तरी. आणि मदत करणाऱ्याने फक्त धरायचं आणि खाऊ द्यायचा. दोघंही एकाच वेळी 'शांत, शांत, नाही, थांब' म्हणत राहिले की कुत्र्याला दोन्हीपैकी काहीच कळत नाही.

टॉवेलची गुंडाळी. नखांसाठी कुत्र्याला टॉवेलमध्ये गुंडाळून एकेक पाय बाहेर काढता येतो. तोंड मोकळं, छातीवर घट्टपणा नाही, पाचेक मिनिटांपेक्षा जास्त नाही. उन्हाळ्यात आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांना नको.

## टप्पा ७: कुत्रा काय सांगतोय ते वाचणं

सुरुवातीच्या खुणा बारीक असतात: ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, मान वळवून घेणं, एक पंजा उचलून धरणं. इथेच दहा सेकंद हात थांबवले, खाऊ दिला, तर पुढचं बहुतेक टळतं.

त्यापुढे डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, शेपूट पोटाशी जाते, अंग ताठ होतं. थिजलेला कुत्रा म्हणजे शांत कुत्रा नाही. 'आता कसा गप्प उभा राहिला बघ' असं म्हणून लोक कात्री चेहऱ्याजवळ नेतात आणि चावा तिथेच बसतो. गुरगुरला तर रागावू नका. गुरगुरणं दाबलेला कुत्रा पुढच्या वेळी गुरगुरल्याशिवाय चावतो.

लगेच थांबवा: जीभ किंवा हिरडी निळसर, जांभळी वा पांढरट, श्वासाला घरघर, थांबवूनही न थांबणारी धाप, अंग अचानक सैल पडणं, भीतीने शू होणं. लूप काढा, कुत्रा खाली, पंख्याखाली, पाणी समोर. जिभेचा रंग मिनिटभरात पूर्ववत झाला नाही तर व्हेट.

एकूण वेळ सवयीच्या कुत्र्यालाही एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नको.

तोंडाला जाळी घालायची वेळ आलीच तर टोपलीसारखी घ्या, जिच्यात तोंड उघडून धापता येतं आणि फटीतून खाऊ देता येतो. तोंड मिटवणारी कापडी पट्टी काही मिनिटांपलीकडे धोक्याची, उन्हात आणखीच, कारण उकाड्यात कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापून बाहेर टाकतो. जाळीचीही सवय आधी लावावी लागते.

मानेची कातडी पकडून टेबलावर दाबून ठेवणं, आडवा पाडून वर झुकणं, झोपेची माणसांची गोळी 'अर्धीच' देणं: तिन्ही नाही. खरंच गरज असेल तर भीती कमी करणारं औषध व्हेट वजन आणि हृदय तपासून देतात, आणि जटा फारच झाल्या असतील तर त्यांच्याकडे भूल देऊन केस काढणं हा कुत्र्यासाठी दयाळू मार्ग असतो.

## टप्पा ८: उतरवणं

काम संपल्यावर माणसाचं लक्ष सुटतं आणि कुत्र्याला खाली जायची घाई झालेली असते. म्हणून क्रम पाळा: हत्यारं बाजूला, एक हात छातीभोवती, पोटाचा पट्टा असेल तर तो आधी, मग पुढचा हूक, मग दुसरा हात ढुंगणाखाली. चार पाय जमिनीला लागेपर्यंत हात सोडायचे नाहीत. हातभर उंचीवरून मारलेल्या उडीनेही टॉय जातीच्या कुत्र्याचं पुढच्या पायाचं हाड मोडू शकतं. खाऊ जमिनीवर द्या.

## बिनसलंच तर

लटकला: आधी शरीर वर उचला, म्हणजे गळ्यावरचा ताण जाईल. मग हूक. आधी हूक शोधत बसलात तर तेवढे सेकंद वाया जातात. नंतर नीट दिसला तरी त्याच दिवशी व्हेटला दाखवा. घशाला सूज उशिरा येते.

पडला आणि पाय टेकत नाही: ओढून, दाबून पाहू नका, घरी खपच्या बांधू नका. कडक तळाच्या टोपलीत किंवा फळीवर ठेवून न्या. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम यांसारख्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला देऊ नका.

डोळा बाहेर आला: आत ढकलू नका. सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओला केलेला कापडाचा तुकडा त्यावर ठेवा, तो ओलाच राहील असं बघा, पंजे डोळ्यापर्यंत जाऊ देऊ नका आणि लगेच निघा. डोळा वाचणं वेळेवर अवलंबून असतं.

नखातून रक्त: पावडर किंवा कॉर्नफ्लोअर बोटाने दाबून दोन-तीन मिनिटं धरा, मधेच उघडून बघू नका. दहा मिनिटांतही थांबलं नाही तर व्हेटला फोन.

तुम्हाला चावला: आधी कुत्र्याला खाली ठेवून खोलीत बंद करा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी जा, आणि जाताना त्याचं लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या.